सातासमुद्रांपलीकडून : दारास पायऱ्या किती?

गेल्या खेपेस येथील भाजीबाजाराची हकीकत लिहितांना मीं वाचकांस असें वचन दिलें होतें कीं, पुढील पत्रांत कोथिंबिरीच्या जुडीची किंमत येणार नाहीं. तें वचन पाळण्याचा योग ध्यानींमनीं नसतां आला. या महिन्यांत मीं एक सबंध दिवस एकटीनें एका बेटावर काढला.

"एकटीनें" हा शब्द मीं सहज लिहिला खरा, पण तो घरांत उच्चारण्यास मला चार दिवस लागले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत असा दिवसाचा दिवस मीं कधींच काढला नव्हता. माहेरीं आम्ही सहा भावंडें; सासरीं वाईच्या वाड्यांत एका पंक्तीस एकोणीस पानें. तेथें एकटें राहावयाचें तें दुखण्यांत किंवा बाळंतिणीच्या खोलींत, आणि तेंहि नांवाला. कारण दार लोटून कोणी ना कोणी डोकावून जाईच. यजमान गेल्यावर तीन वर्षांपूर्वीं मी चिरंजिवांकडे येथें, कॅलिफोर्नियांतील बर्कली गांवीं, राहावयास आलें. दिवसा या घरांत मी एकटीच असतें, हें खरें; परंतु सगळे निघून गेल्यावर मागें उरणें निराळें आणि आपण होऊन एकटीनें उंबरा ओलांडणें निराळें.

"बरोबर कोण आहे?" चिरंजिवांनीं विचारलें.

"कोणी नाहीं."

"म्हणजे तूं एकटी?"

हा प्रश्न त्यानें तीन वेळां विचारला. सूनबाई शहाणी आहे. ती म्हणाली, "जाऊं दे ना त्यांना," आणि माझ्या पिशवींत पाण्याची बाटली व पूर्ण भरलेला फोन ठेवून मोकळी झाली. नातवाला मात्र काळजी पडली कीं, आजी हरवली तर काय? मीं त्याला म्हटलें, "अरे, बेट आहे तें. कितीहि चुकलें तरी फिरून होतें तेथेंच येईन."

हेंच बेट निवडण्याचें कारण सांगतें. बर्कलींत आगगाडीच्या स्थानकाजवळच्या एका आंखूड रस्त्यावर इंग्रजी अक्षरांत "कला बगाई" अशी पाटी आहे. मीं ती प्रथम "कलाबाई" अशीच वाचली आणि आपल्याकडची कोणी असेल म्हणून हरखून गेलें. चौकशी करतां कळलें कीं, ही बाई पेशावरची. १९१५ सालीं पति वैष्णोदास आणि तीन लहान मुलगे यांच्यासह ती सान फ्रान्सिस्कोस उतरली. या मंडळींजवळ पंचवीस हजार डॉलरचें सोनें होतें. तरीसुद्धां त्यांना शहरांत न सोडतां खाडींतील एंजल आयलंड नांवाच्या बेटावर कांहीं दिवस अडकवून ठेवलें. पुढें त्यांनीं याच बर्कलींत घर विकत घेतलें. सामानसुमान घेऊन आलीं, तों शेजाऱ्यांनीं घराला कुलूप ठोकलेलें! कलाबाईंनीं नवऱ्याला सांगितलें कीं, जेथें माझ्या मुलांना कोणी इजा करील अशा जागीं मला राहावयाचें नाहीं, आणि भरलेल्या गाड्या परत गेल्या. १९२१ सालीं वैष्णोदास अमेरिकन नागरिक झाले. १९२३ सालीं येथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत हिंदुस्थानी लोक "गोरे" ठरत नाहींत असा निवाडा दिला आणि त्यांचें नागरिकत्व गेलें. १९२८ सालीं त्या मानी गृहस्थानें आपला देह आपल्या हातानें संपविला. कलाबाईंनीं परक्या मुलुखांत तिन्ही मुलांना वाढविलें, शिकविलें, आणि १९८३ पर्यंत त्या जगल्या. ज्या गांवानें त्यांना दाराशीं अडविलें, त्याच गांवाच्या सभेनें २०२० सालीं रस्त्याला त्यांचें नांव देण्याचें ठरविलें. मी भाजी आणावयास त्याच रस्त्यानें जातें. तेव्हां वाटलें कीं, तें बेट एकदां पाहिलेंच पाहिजे.

दुसरेंहि एक कारण होतें, आणि खरें म्हणजे तेंच पहिलें. वाईहून धाकट्या भावजींनीं पाठविलेला एक कागद गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होता. वाडा पाडून तेथें पांच मजली इमारत उठविण्याचा करारनामा. बाकी सर्व हिस्सेदारांच्या सह्या झालेल्या. राहिली ती माझी एकटीची. भावजींचें लिहिणें फार मर्यादेचें. "वहिनी, घाई नाहीं. परंतु पावसाळ्यापूर्वीं झालें तर बरें." माझी कांहीं हरकत होती असें नव्हे. वाड्याची मागली भिंत दोन पावसाळ्यांपूर्वींच बसली आहे आणि तेथें आतां मोठ्या जाऊबाई व भावजींचें कुटुंब एवढींच माणसें राहतात. पण पेन हातीं घेतलें कीं कोणीतरी हांक मारी; आणि नाहीं मारली तर मीच कोणाला तरी हांक मारीं.

असो. सकाळीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडा गूळ बांधून घेतला व निघालें. बर्कलीहून सान फ्रान्सिस्कोस जाणारी आगगाडी खाडीच्या तळाखालून जाते. डोक्यावर एवढें पाणी आहे या विचारानें मीं पहिल्या वर्षीं रामरक्षा म्हटली होती. आतां संवय झाली. घड्याळाच्या मनोऱ्याच्या धक्क्यावरून बोट सुटली. अल्काट्राझचा जुना तुरुंग एका बाजूस पडला, गोल्डन गेटचा तांबडा पूल धुक्यांत अर्धा बुडालेला दिसला, आणि पाऊण तासाच्या आंतच आम्ही बेटाला लागलों.

या खाडींतील निसर्गानें घडविलेलें हें सर्वांत मोठें बेट. भोंवतालचा रस्ता सुमारें पांच मैलांचा, मधला डोंगर ७८८ फूट उंच. मूळचे येथले मिवोक लोक पाण्यांतून होड्यांनीं येऊन शिकार आणि मासेमारी करीत. १७७५ सालीं आयाला नांवाच्या स्पॅनिश सरदारानें येथें गलबत नांगरलें आणि बेटाला देवदूतांचें नांव दिलें. पुढें अमेरिकन लष्कर आलें, आजाऱ्यांना वेगळें ठेवण्याची छावणी आली, तोफा आल्या, शेवटीं क्षेपणास्त्रेंहि आलीं. त्या क्षेपणास्त्रांच्या सोयीसाठीं डोंगराचा माथा तासून सपाट केला होता. तो २००२ सालीं माती घालून पुन्हां सोळा फूट उंच केला. शेंडा कापावयाचा आणि मग परत चिकटवावयाचा, हें या देशालाच परवडावें! माझ्या गुडघ्यांनीं तो शेंडा पाहण्याचें नाकारलें. मी काठाकाठाच्या रस्त्यानें उगवतीच्या बाजूस निघालें.

पहिला तासभर मला एकांताचें कांहीं म्हणतां कांहीं सुख वाटलें नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. हात रिकामे होते. एक हरिण अगदीं समोर येऊन उभें राहिलें, लगेच मान वळवून "अग, बघितलेंस का?" म्हणावयास गेलें, तों शेजारीं कोणी नाहीं. पाहिलेली वस्तु कोणाला तरी दाखविल्यावांचून ती आपण पाहिली असें आमच्यासारख्यांना वाटतच नाहीं. मग निलगिरीचा वास आला. लष्करानें लाविलेलीं हीं झाडें पुष्कळशीं काढून टाकलीं आहेत, तरी कांहीं उभीं आहेत. त्या वासाबरोबर सासूबाईंची पडशावरची बाटली आठवली, आणि पायांना आपोआप चाल आली.

वळणाखालीं, पाण्याच्या जवळ, दुमजली लांकडी इमारत दिसते. तेंच परदेशस्थांना अडकविण्याचें ठाणें. २१ जानेवारी १९१० रोजीं तें उघडलें आणि १९४० पर्यंत चाललें. पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या बोटींतील गोऱ्यांना आणि पहिल्या वर्गाच्या उतारूंना बहुधा बोटीवरच तपासून सोडीत. बाकीच्यांना येथें आणीत. त्यांत चिनी लोकांचा भरणा सर्वांत मोठा, कारण १८८२ च्या कायद्यानें चिनी मजुरांना या देशाचीं दारें बंद केलीं होतीं आणि तो कायदा १९४३ पर्यंत उठला नाहीं. जपानी, कोरियन, रशियन आणि आपलेहि लोक येथें येत. आणि अभ्यासकांनीं दाखविलें आहे कीं, येथून परत पाठविल्या गेलेल्यांत हिंदुस्थानी लोकांचें प्रमाण सर्वांत अधिक होतें. न्यू यॉर्कच्या बाजूस एलिस बेटावर बहुतेकांचा निकाल कांहीं तासांत लागे. येथें आठवडे लागत, महिने लागत. एखाद्याला दोन वर्षांच्या घरांत काळ कंठावा लागला.

आंत तीन-तीन मजली खाटा लोखंडी खांबांना टांगलेल्या आहेत. पूर्वींचा देखावा दिसावा म्हणून त्यांवर जुन्या पेट्या, कपडे मांडले आहेत. एवढ्याशा दालनांत शेंकडों माणसें! मला आमच्या वाड्यांतील मुंजीच्या रात्रीची माडी आठवली. पण तेथें सकाळीं दार उघडत असे. पुरुषांचीं आणि बायकांचीं दालनें वेगळीं. एका बोटीनें आलेल्या नवराबायकोलाहि निकाल लागेपर्यंत भेटतां-बोलतां येत नसे. लहान मुलें तेवढीं आईपाशीं असत.

भिंतींवर चिनी कविता कोरलेल्या आहेत. अधिकाऱ्यांनीं त्या लांबी भरून आणि रंग देऊन बुजविल्या. त्या लांबी-रंगामुळेंच लांकूड टिकलें आणि १९७० सालीं उद्यानाच्या एका रखवालदाराला विजेरीच्या उजेडांत तीं अक्षरें दिसलीं. तोंवर ही इमारत पाडावयाची असें जवळजवळ ठरलें होतें. आजवर दोनशेंहून अधिक कविता मिळाल्या आहेत; त्या सगळ्या पुरुषांच्या. बायकांचें दालन मुख्य कचेरीच्या माडीवर होतें आणि ती कचेरी १२ ऑगस्ट १९४० रोजीं आगींत जळाली. बायकांनीं भिंतीवर काय लिहिलें असेल तें तिच्याबरोबर गेलें. बाहेर गवतांत त्या कचेरीचा नुसता आंखलेला पाया आहे. मी त्यावरून इकडून तिकडे चालत गेलें आणि परत आलें. पाटीवर एवढेंच होतें कीं, येथें अमुक दालन होतें, येथें तमुक.

जपानी वधूंचीहि हकीकत तेथें वाचली. मुलानें अमेरिकेंतून फोटो पाठवावयाचा, मुलीनें जपानांतून. लग्न तेथल्या तेथें लागावयाचें आणि मग हातांतल्या फोटोशीं ताडून धक्क्यावर नवरा ओळखावयाचा. १९२० पर्यंत अशा पुष्कळ जणी आल्या. कित्येकींना फोटोंतला तरुण प्रत्यक्षांत दहा-पंधरा वर्षांनीं थोराड निघाला. आमच्या वेळीं माझाहि फोटो वाईस गेला होता आणि फोटोग्राफरनें माझें नाक जरा नीट करून दिलें होतें, हें मीं आजवर कोणाला सांगितलेलें नाहीं. आमच्यांत निदान समुद्र नव्हता. हे दुसऱ्याच आठवड्यांत नाक पाहून गेले.

पण ज्यासाठीं हें पत्र लिहावयास घेतलें ती गोष्ट पुढेंच आहे. चिनी मजुरांना बंदी होती, तरी नागरिकाच्या मुलाला व बायकोला आणि व्यापारी, विद्यार्थी अशा कांहींना वाट मोकळी होती. १९०६ च्या भूकंपांत व आगींत सान फ्रान्सिस्कोंतील जन्मनोंदी जळून गेल्या. मग कितीतरी चिनी म्हणूं लागले कीं, आम्ही येथेंच जन्मलों; आणि अशा नागरिकांचे मुलगे म्हणून दुसऱ्यांचे मुलगे कागदावर येऊं लागले. "कागदी मुलगे" असेंच त्यांना म्हणत. हें कपट ओळखावें कसें? तर तपासनिसांनीं तोड काढली कीं, मुलगा खरा असेल तर त्याला घर ठाऊक असेल. म्हणून ते घर विचारीत.

तुमच्या घराचें तोंड कोणत्या दिशेस? दारास पायऱ्या किती? तांदुळाची कणगी कोठें ठेवलेली आहे? तुमच्या ओळींतील तिसऱ्या घरांत कोण राहतें? त्यांना मुलें किती? आजीचे पाय बांधलेले आहेत कीं मोकळे? घरीं कुत्रें आहे काय? असे शेंकडों प्रश्न, दोन-दोन तीन-तीन दिवस. समोर तपासनीस, दुभाषा आणि लिहून घेणारा. मग हेच प्रश्न बापाला निराळे विचारावयाचे आणि दोन्हीं जाब शेजारीं ठेवून ताडावयाचे. उत्तरें जुळलीं नाहींत तर परतीची बोट. म्हणून येणारे लोक घरचा सगळा तपशील वहींत लिहून पाठ करीत आणि बेट जवळ आलें कीं ती वही समुद्रांत फेंकून देत. ज्याचें नातें खोटें होतें तो पाठ करून सुटे. ज्याचें खरें होतें तो पाठ कशाला करील? तोच पुष्कळदां अडके. तपासनिसांना मी नुसती नांवें ठेवीत नाहीं. फसविणारे होते हें उघड आहे. पण मुळांत ज्या कायद्यानें माणसाला खोटें बोलल्याशिवाय बापाजवळ जातां येऊं नये, त्याची शरम त्या कायद्यालाच असावी.

मी हें वाचीत उभी असतां एका शाळेचीं दहा-बारा वर्षांचीं मुलें आंत आलीं. मास्तरीणबाईंनीं त्यांना विचारलें, "सांगा, तुमच्या घराच्या दाराला पायऱ्या किती?" कोणी म्हणालें तीन, कोणी चार, एका मुलीनें बोटें मोजलीं आणि रडवेली झाली. एक भाऊबहिणीची जोडी होती, बहुधा जुळीं. त्यांनीं दोन निराळे आंकडे सांगितले. मुलें हंसलीं आणि पुढें गेलीं. मी तेथेंच उभी राहिलें.

आमच्या वाड्याच्या दाराला पायऱ्या किती?

बाहेर येऊन पाण्याकडे तोंड करून बांकावर बसलें, दशम्यांची पुरचुंडी सोडली आणि सामानाच्या यादीची वही काढून वाड्याचा नकाशा मांडूं लागलें. माजघर, त्याच्या डाव्या हातास देवघर, पलीकडे कोठीघर. कोठीघरांत तीन कणग्या, मधली तांदुळाची; तिच्या मागें आंबेमोहोराची बरणी आणि बरणीच्या मागें सासूबाईंचे पैसे. स्वयंपाकघरांत दोन चुली व एक वैल. परसांत आड, आडापासून न्हाणीघरापर्यंत अकरा फरशा, त्यांतली सहावी हलणारी. हें सगळें माझ्या हातानें असें झरझर उतरलें कीं, मलाच नवल वाटलें. पण ओसरीवर आलें आणि पेन्सिल अडली. ओसरीला खांब किती? सहा कीं आठ? सदरेवरच्या खिडक्यांना गज होते कीं जाळी? आणि दिंडीदरवाजाच्या पायऱ्या? ज्या दारानें मी मापटें लवंडून आंत आलें, ज्या दारानें यजमानांना शेवटचें बाहेर नेलें, त्या दाराच्या पायऱ्या मला सांगतां येईनात. पहिलीं दहा-बारा वर्षें आम्हां सुनांचा राबता परसदारानेंच असे. पुढच्या दारानें जावयाचें तें सणावारीं, पदर सांवरीत, मान खालीं घालून. मान खालीं असूनहि पायऱ्या मोजल्या नाहींत त्या नाहींतच.

मग मनांत आलें कीं, हे असते आणि त्यांना विचारलें असतें तर? खांब, पायऱ्या, गज, ओळींतील तिसरें घर, सगळें घडाघडा सांगितलें असतें. आणि "तांदुळाची कणगी कोठें?" असें विचारल्यावर हे म्हणाले असते, "जरा थांबा हं, आंत विचारून सांगतों." तपासनिसानें काय समजावें? एकाच घरांत चाळीस वर्षें नांदलेलीं आम्ही दोघें. त्यांचा वाडा निराळा, माझा निराळा. दोन्हीं जाब शेजारीं ठेवले असते तर आमच्यापैकीं एकाची परतीची बोट ठरलेली होती. कोणाची, तें वर्णानें ठरलें असतें कीं कणगीनें, कोण जाणे.

दशम्या केव्हां संपल्या तें कळलें नाहीं. आयुष्यांत इतक्या सावकाश मी कधीं जेवलें नसेन. वाढावयाचें कोणाला नव्हतें आणि मागचें आवरावयाचेंहि नव्हतें. चारच्या सुमारास ऊन कलतें झालें, वारा बोचूं लागला. हरीण दाखवावयास कोणी नाहीं याचें सकाळीं जें वाटलें होतें, तें आतां वाटेना. करारनाम्यावर विचार करावयास म्हणून मी आलें होतें. त्यावर मीं एक अक्षरहि विचार केला नाहीं. वही मात्र भरली. परत जातांना वाटेंत ठाण्याच्या जुन्या इस्पितळाची इमारत लागते. तेथें २०२२ पासून संग्रहालय आहे. घाईघाईनें तें पाहिलें आणि बोट गांठली.

दुसरे दिवशीं येथें रात्र असतांना वाईस फोन लावला. म्हणजे तेथें सकाळ. मोठ्या जाऊबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, कान तिखट आहेत.

"जाऊबाई, आपल्या पुढच्या दाराला पायऱ्या किती हो?"

"हें विचारायला तूं अमेरिकेहून फोन केलास?"

"सांगा तरी."

"सात," त्या म्हणाल्या. "सात पावलें म्हणून तर मामंजी गंमत करीत, कीं आमच्या घरीं येणारीची सप्तपदी दारांतच होते."

पाठीमागून भावजींचा आवाज आला, "सात कसल्या, सहा आहेत! मी रोज चढतों-उतरतों." झालें. ऐंशीच्या पुढच्या वहिनी आणि सत्तरीचे दीर यांचा फोनवरच असा वाद जुंपला कीं, मला मध्यें बोलावयास जागा मिळेना. जाऊबाई म्हणाल्या, "माझें लग्न या घरांत तुमच्या मुंजीच्या आधीं झालें आहे, मला शिकवूं नका." भावजी काठी घेऊन खालीं उतरले, मोजून वर आले आणि म्हणाले, "सहा." जाऊबाई म्हणाल्या, "मग एक चोरीस गेली."

चार दिवसांनीं भावजींचा फोन आला. त्यांना चैन पडेना म्हणून त्यांनीं एका गवंड्याकडून शेवटच्या पायरीपुढची जमीन हातभर उकरविली. रस्त्यावर वेळोवेळीं खडी-डांबर पडून तो चढत गेला, त्याखालीं सातवी पायरी जशीच्या तशी होती. काळा घडीव दगड, मध्यें पावलांनीं झिजलेला. ती केव्हां गाडली गेली तें घरांत कोणालाहि आठवत नाहीं. फोटो पाठविला आहे. जाऊबाई त्या फोटोंत पायरीशेजारीं खुर्ची टाकून बसल्या आहेत, आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

करारनाम्यावर मीं सही केली आणि तो कालच्या टपालानें गेला. सोबत भावजींना वेगळें पत्र लिहिलें कीं, पाडकाम सुरू होण्यापूर्वीं त्या पायऱ्या काढून घ्याव्या आणि नव्या इमारतीच्या दाराला बसवाव्या. त्यांचें उत्तर फोनवर आलें: "वहिनी, नव्या इमारतीला खालीं मोटारी राहणार आणि वर जावयास लिफ्ट आहे. दाराला पायऱ्याच नाहींत, तर बसवूं कोठें?"

मीं सांगितलें आहे कीं, तुळशीभोंवतीं बसवा, नाहीं तर भिंतीशीं नुसत्या रचून ठेवा. पण सातहि ठेवा.